न उठवणारं घर

जामखेडला मोटारतळाच्या मागे, चिंचेच्या सावलीत, दिलावरभाईंची सराय होती. सराय म्हणजे काही नवाबी थाट नव्हे. चार खोल्या, पुढे लांब ओसरी, मागे आड, आणि आडाशेजारी दोन रांजण: एक हिंदूंच्या पाण्याचा, एक मुसलमानांच्या. खाटांत ढेकूण नव्हते असं खुद्द दिलावरभाईही छातीवर हात ठेवून म्हणाले नसते. जेवणाचीही सोय नव्हती, त्यासाठी समोरच्या खानावळीत जावं लागे. तरी मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या मुलखातले, भुसार व्यापारी, घोंगड्या विकणारे धनगर, कोर्टाच्या तारखांना आलेले भाऊबंद, सगळे दोन पावलं जास्त चालून इथेच उतरत. कारण एकच होतं. या घरात झोपलेल्या माणसाला कुणी उठवत नसे.

नसे म्हणजे नसेच. मोटार सुटो, बाजार उठो, कचेरीत नावाचा पुकारा होऊन जावो. येणाऱ्याला दिलावरभाई आधीच बजावत, "बाबा, उठायचं तुजं तू बग. आमी हात लावनार न्हाई. झोपलेला मुसाफिर म्हंजी अल्लाची ठेव, आन् ठेवीला हात लावायचा नसतो." हे बोल त्यांचे वडील बाबाजान यांचे. बाबाजानच्या काळात रात्र रात्र गाड्या हाकून आलेले गाडीवान ओसरीवर आडवे होत, आणि जगात आपल्याला हाक मारणारं कुणी नाही या भरवशावर मेल्यासारखे झोपत. गाड्या गेल्या, मोटारी आल्या, म्हाताराही गेला. बोल तेवढा राहिला, आणि त्या बोलावर घराचं नाव झालं.

दिलावरभाईंना स्वतःला मात्र झोप येत नसे. बायको गेल्यापासून ती जी उडाली ती उडालीच. दुसऱ्यांच्या झोपेवर त्यांचं भागत होतं म्हणा ना. दुपारी चारही खोल्या भरल्या की ते ओसरीवर भिंतीला टेकून बसत. आतून श्वास येत राहत, कुणाचा जाड, कुणाचा शिट्टीसारखा, कुणाचा मध्येच थांबून दचकून पुढे चालणारा. ते सगळे श्वास ओसरीवर एकत्र होत, चिंचेचा पाला हलकेच हलत राही, ऊन अंगणात पांढरं होऊन पडलेलं असे, आणि दिलावरभाई त्या पुरात पाठीवर तरंगत. श्वासावरून त्यांना माणूस कळे. कर्ज काढून आलेला कसा झोपतो, पोरीचं लग्न ठरवून आलेला कसा झोपतो, हे त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. बावीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला उठवलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमानाचं एक वाईट असतं, तो देवाच्या नावाखाली छान लपतो.

लढाईची वर्षं होती ती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की उतारूंनाच खाली उतरून ढकलायला लावत. अशाच एका मोटारीनं, ऐन वैशाखात, पहाटे नगरहून निघालेले शामकांत मास्तर सकाळी नऊला जामखेडला उतरले. नगरच्या एका शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. तिशीचा, सडपातळ, स्वच्छ धोतर-कोटातला माणूस. हातात पिशवी आणि एक लहानशी चामड्याची पेटी.

"इथे झोपलेल्याला उठवत नाहीत म्हणे?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"न्हाई उठवत."

"कुणीच नाही?"

"फौजदार आला तरी न्हाई."

शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर पोरं हसतात तसं मास्तर हसले. खानावळीत आत्ताच गरम भाकरी मिळेल असं दिलावरभाईंनी सांगितलं, तर म्हणाले, "नंतर बघू. आधी झोपतो." लंकाबाई हिंदूंचं पाणी भरायची, झाडलोट करायची. तिनं तांब्या आणून दिला. मास्तरांनी कडेच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. थोड्याच वेळात दारामागून त्यांची झोप ऐकू येऊ लागली. इतकी तहानलेली झोप दिलावरभाईंनी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. गटागटा पाणी पिणाऱ्याकडे बघून आपल्याला बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं.

कचेरीत अकराचे टोल पडले तेव्हा तो श्वास बदलला.

दिलावरभाईंना ते लगेच कळलं, आणि हे नीट ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच आहे. श्वास खरखरीत झाला, लांबला, मध्ये दोनदा हरवला. ते उठले, दार किलकिलं केलं. खोली गारच होती, तरी मास्तर घामानं निथळत होते. कपाळावर थेंब, ओठ पांढरे, उजवा हात हवेत काहीतरी रेखाटावं तसा हलत होता. दिलावरभाईंनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. "मास्तर," ते म्हणाले. पण असे म्हणाले की त्या हाकेनं चिमणीही उडाली नसती.

एकदा खांदा हलवावा. एवढंच. हात पुढे झालाही. मग त्यांच्या मनात आलं, आणि तो उठून म्हणाला, काय हो, मी तर स्वप्नात होतो, तर? बावीस वर्षांचं घर या एका हातानं मोडायचं? स्वप्नच असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. स्वप्नात माणूस घामाघूम होतोच की. त्यांनी पाय मागे घेतला, दार होतं तसं लोटलं आणि ओसरीवर येऊन बसले.

आणि नवल असं की ज्या माणसाला कधी झोप येत नसे, त्याचा त्या दुपारी डोळा लागला. स्वप्नात खर्ड्याकडे जाणारा रस्ता होता, आणि त्यावरून एक गाडी चालली होती. बैल नव्हते. जुवाला कुणी जुंपलेलं नसताना ती आपली हळूहळू जात होती, आसाचा खरखर आवाज करत. धुरेवर बाबाजान पाठमोरे बसलेले. दिलावरभाई मागून चालत होते, धावावं असं वाटत होतं पण पाय कापसाचे झाले होते. "अब्बा, गाडी थांबवा," ते म्हणाले, तर बाबाजान मागे न बघता म्हणाले, "आत कोण आहे ते तर बघ." गाडीवर बांबूच्या विणीचा तट्ट्या होता. तट्ट्याच्या आतून ती खरखर येत होती. मग ती थांबली, आणि सगळ्या माळरानावर इतकी शांतता पसरली की उन्हाचाही आवाज येईना.

"भाई! अवं भाई!" लंकाबाई किंचाळत होती. "ह्यो मानूस झोपला न्हाई! ह्यो कुटंतरी चाललाय!"

कचेरीत एकचा टोल पडत होता. लंकाबाई केर काढायला गेली होती आणि तिनं आत पाऊल टाकताच केरसुणी फेकली होती. ती काही कुणाच्या ठेवीबिवीला मानणारी बाई नव्हती. तिनं मास्तरांचे खांदे धरून गदागदा हलवले, तोंडावर पाणी मारलं, कानात ओरडली. मास्तर जागे झाले नाहीत. मग दिलावरभाई धावले. पन्नाशीचा जड माणूस, अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून सरकारी दवाखान्यापर्यंत धावत गेला.

डॉक्टरांनी आल्या आल्या चामड्याची पेटी उघडली. आत सुई आणि औषधाची शिशी. "मधुमेह," ते म्हणाले. "सुई टोचून घेतलीय आणि वर जेवलेला नाही. रक्तातली साखर पार उतरलीय." त्यांनी शिरेतून साखरेचं इंजेक्शन दिलं. ओसरीवर माणसं जमली होती. थोड्या वेळानं मास्तरांनी डोळे उघडले, वर वाशांकडे बघितलं आणि जड जिभेनं विचारलं, "किती वाजले?"

लंकाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि रडू लागली. पण मास्तरांचा उजवा हात खाटेवर तसाच पडून होता. डॉक्टरांनी उचलला, सोडला. तो पडला.

"हात येईल बहुधा," बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले. "नाहीच आला तरी नवल नाही. साखर नसली की मेंदू उपाशी राहतो. जितका वेळ उपाशी, तितकं नुकसान. अर्धा-पाऊण तासात बोलावलं असतंत तर चिंता नव्हती. कधी लक्षात आलं तुमच्या?"

"एकला," लंकाबाईनं सांगून टाकलं. "म्या आत गेले तवा."

दिलावरभाईंनी तिला दुरुस्त केलं नाही.

दिवस मावळायच्या आत त्यांचा धाकटा भाऊ कमरुद्दीन आला. कचेरीसमोर चटई टाकून तो लोकांचे अर्ज लिहीत असे, आणि कायदा त्याच्या बोटांवर होता. मास्तरांच्या घरी तार गेली होती, डॉक्टरांनी चावडीला कळवलं होतं, उद्या फौजदार जबाब घ्यायला येणार होता. कमरुद्दीननं भिंतीवरचा सरायचा परवाना उतरवला आणि उलटा केला. "हे वाच. सातवं कलम. उतारू आजारी दिसताच मालकानं डॉक्टरला बोलवावं आणि चावडीला वर्दी द्यावी. दिसताच! म्हणजे सगळा खेळ कधी दिसला यावर आहे. एकला दिसला, सव्वाला डॉक्टर हजर. तू सुटलास. मी जबाब लिहून आणलाय, सही कर."

"अकराला दिसला," दिलावरभाई म्हणाले.

कमरुद्दीननं आधी दाराकडे बघितलं, मग भावाकडे. "कुणी पाहिलं?"

"मी."

"तू सोडून?"

"कुनी न्हाई."

"मग झालं तर! भाई, हे मला सांगितलंस ते सांगितलंस, आता विसर. परवाना जाईल. खटला झाला तर कैदही होईल. या वयात कुठं जाणार तू? आणि खरं सांगून त्या मास्तरचा हात परत येणारे का?"

दिलावरभाईंनी सही केली. मुकाट्यानं केली. उगाच त्यांना संत करण्यात अर्थ नाही. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि मास्तरांच्या दाराशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याच नऊच्या मोटारीनं मास्तरांची बायको, सुचित्रा, आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं चाळिशीची होती. ती रडली नाही. खाटेशी बसली, नवऱ्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट उघडून बघू लागली. करंगळी थोडी हलली. बाकीची चार हलली नाहीत. याच बोटांनी हा माणूस पोरांना फळ्यावर एका रेषेत बैल काढून दाखवायचा.

अकराच्या सुमाराला फौजदार आले. ओसरीवर त्यांना खुर्ची दिली. सुचित्राबाई खांबाला टेकून उभी राहिली, आणि मास्तरांना ऐकू जावं म्हणून खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. फौजदारांनी जबाब मोठ्यानं वाचला. कमरुद्दीनचं लिहिणं झकास होतं, वाचताना कुठंही ठेच लागत नव्हती.

"दुपारी एक वाजता सदर इसम अत्यवस्थ असल्याचे प्रथम निदर्शनास आले. बरोबर?"

दिलावरभाईंनी त्या बाईकडे बघितलं. तिची नजर त्यांच्यावर नव्हतीच, ती दारातून आत, त्या पडलेल्या हाताकडे होती.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "अकरा."

कमरुद्दीननं कपाळावर हात मारून घेतला.

"अकराचे टोल पडले तवा श्वास बदलला. मी दार उघडलं. घाम बगितला, हात बगितला. कायतरी बिघडलंय हे कळलं मला. एक पाय आत टाकला आन् परत फिरलो. मग दोन तास भाईर बसलो."

"का उठवलं नाहीत?"

"लोकास्नी सांगत आलो, झोप ही अल्लाची ठेव हाय. पन त्या वक्ताला अल्ला न्हाई आडवा आला साहेब. माजी गुर्मी आडवी आली. बावीस सालात कुनाला उठवलं न्हाई, ह्याची गुर्मी."

फौजदारांची लेखणी थांबली. सुचित्राबाई खांबापासून सरळ झाली.

"दोन तास!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दाराशी येऊन परत गेलात? अहो, एक हाक मारायची होती. एक गुळाचा खडा हातावर ठेवायचा होता! सहा वर्षं मी दर दोन तासांनी या माणसाला हलवून जागं करतेय. रात्री, दुपारी, सणावाराला. अंगात ताप असताना उठलेय मी. आणि तुम्हाला एकदा, फक्त एकदा उठवायचं होतं!"

दिलावरभाईंनी मान खाली घातली. चूक पदरात घ्यायची तर ती अशीच घ्यावी लागते, ओंजळ पुढे करून. लंकाबाई आडाकडे तोंड फिरवून उभी होती. सुचित्राबाईचा राग एकटा पडला. ती पायरीवर बसली. बराच वेळ अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिली.

"साहेब, माझंही लिहा," ती म्हणाली.

"तुमचं काय बाई?"

"हे म्हणाले, खर्ड्याच्या शाळेत काम आहे. वैशाखात कुठली शाळा उघडी असते? मला कळत होतं. यांना कंटाळा आला होता माझ्या हाकांचा. कधीपासून म्हणायचे, मला एकदा तरी कुणी न उठवता झोपायचंय. मी जाऊ दिलं. तीनला उठून यांना वाटेला लावलं. उजाडल्यावर चूल पेटवायला गेले, तर खडीसाखरेची डबी फळीवर तशीच. बरोबर न्यायची विसरले होते. का मुद्दाम ठेवली होती, देव जाणे. तारऑफिस आमच्या घरापासून दोन गल्ल्या. सकाळीच तार केली असती, तर इथे जामखेडच्या तळावर कुणीतरी यांना गाठलं असतं."

"मग का नाही केली?"

सुचित्राबाईनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"जरा टेकते आणि जाते, म्हणून आडवी झाले. घरात उठवायला कुणी नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा नव्हतं. मी झोपले साहेब. बारा वाजेपर्यंत झोपले. आणि इतकं... इतकं सुख वाटलं हो मला." आणि मग ती रडली. तार हातात पडल्यापासून अडवून धरलेलं सगळं रडली.

फौजदारांनी शाईची दौत उगाच सरकवली. "हे लिहायचं नसतं बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज फौजदाराचा राहिला नव्हता.

आतून मास्तरांनी हाक मारली. जीभ अजून जड होती, शब्द एकमेकांत अडखळत होते. "तू झोपलीस?"

"हो."

"बारापर्यंत?"

"हो."

"छान केलंस," मास्तर म्हणाले.

दिलावरभाईंचा अकरा वाजल्याचा जबाब मात्र लिहिला गेला, ते योग्यच होतं. परवाना जमा झाला. खटल्याचं मामलेदार ठरवतील, असं सांगून फौजदार गेले. कमरुद्दीन भावाला सात पिढ्यांच्या शिव्या घालत गेला. त्या पिढ्या त्याच्याही होत्या हे त्याच्या रागात राहूनच गेलं. आणि सराय, जी आता सराय नव्हती, नुसतं एक घर होतं, दुपारच्या उन्हात हळूहळू निवांत झाली. बाकीच्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. मोटार उद्या सकाळी होती.

डॉक्टरांनी दर दोन तासांनी मास्तरांना काहीतरी खायला द्यायला सांगितलं होतं. एक वाजता सुचित्राबाईनं त्यांना दूधभात भरवला. ते झोपले. ती ओसरीवर आली, खांबाला धरून उभी राहिली. तिचे डोळे मिटत होते, ती ते पुन्हा उघडत होती.

"दिलावरभाई," ती म्हणाली. त्यांनी मान वर केली. आपलं नाव ती घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "माझा राग गेलाय असं समजू नका. जाईल की नाही, मला ठाऊक नाही. पण आज माझ्यानं होत नाहीये. तीन वाजता यांना तुम्ही उठवाल?"

"उठवीन बाई," ते म्हणाले. "तुमी पडा."

ती शेजारच्या खोलीत गेली. पाठ टेकली असेल नसेल, तिचा श्वास ओसरीवर आला. मग दोघांचे श्वास येऊ लागले, एकामागून एक. अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. झोप पाण्यासारखी दारांखालून वाहत येत होती, पायांना लागत होती, या म्हणत होती. दिलावरभाई तिच्यात तरंगले नाहीत. ताठ बसले. टोल ऐकू न आला तर, या भीतीनं ते दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन कचेरीच्या घड्याळात बघून आले.

तीनचा टोल पडला. लंकाबाईनं केलेली पेज वाटीत घेऊन ते कडेच्या खोलीत शिरले. दोन्ही पाय आत. वाटी खाली ठेवली आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता, हाडकुळा होता. दुसऱ्याची झोप हाताला अशी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मास्तर, उठा."

"थोडं राहू द्या," मास्तर डोळे मिटूनच पुटपुटले.

"न्हाई मास्तर," दिलावरभाई म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप चढला. "उठा. उठा म्हन्तो ना!"

मास्तरांनी डोळे उघडले. समोर कोण आहे ते ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग त्यांनी डावा हात उचलून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "ती झोपलीय."

दिलावरभाईंनी मान हलवली आणि पेजेची वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली.